मायक्रोटोम आणि स्वल्पमोली साधनाचा विचार

१

सूक्ष्मदर्शकाचा इतिहास हा बहुधा भिंगांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. भिंगे घासण्याची कला, रंगदोष काढून टाकण्याचे प्रयत्न, वर्धनशक्तीची वाढ, हे त्याचे ठरलेले टप्पे. ही मांडणी खोटी नाही; परंतु ती अपुरी आहे. भिंग कितीही उत्तम असले, तरी त्याच्याखाली ठेवलेल्या पदार्थातून प्रकाश आरपार जात नसेल तर पाहणाऱ्याला काळोखापलीकडे फारसे काही दिसत नाही. यकृताचा तुकडा, झाडाचे खोड, कोंबडीच्या अंड्यातील भ्रूण हे सारे अपारदर्शक असतात. त्यांचा इतका पातळ काप निघाला पाहिजे की पेशींचा एकच थर, फार तर दोन थर, प्रकाशाच्या वाटेत उभे राहतील. भिंगाच्या इतिहासाला म्हणूनच सुरीच्या इतिहासाची जोड द्यावी लागते. असा काप काढणाऱ्या यंत्राला मायक्रोटोम म्हणतात.

प्रस्तुत लेखाचा हेतू मायक्रोटोमचा समग्र इतिहास देण्याचा नाही. त्या इतिहासात एक प्रश्न वारंवार उभा राहिलेला दिसतो, व तेवढ्याचाच येथे विचार करावयाचा आहे. हे साधन अचूक असावे, पण ते सामान्य प्रयोगशाळेला परवडावे आणि नवख्या विद्यार्थ्यालाही वापरता यावे, हे कसे साधावयाचे? अचूकपणा हवा तर किंमत वाढणार आणि किंमत उतरविली की अचूकपणा ढळणार, असे आपण सहज गृहीत धरतो. मायक्रोटोमचा इतिहास या समजुतीला दुजोरा देत नाही.

शब्दांच्या अभ्यासकाला या विषयाकडे वळविणारी आणखी एक गोष्ट आहे. ‘मायक्रोटोम’ या शब्दाच्या उत्तरपदात ‘कापणे’ या अर्थाचा ग्रीक धातू आहे. तोच धातू ‘अ‍ॅटम’ या शब्दात, म्हणजे ‘जे कापता येत नाही ते’ या अर्थाने, आणि ‘अ‍ॅनाटॉमी’ या शब्दातही आढळतो. जे कापावयाचे त्याचे नाव मात्र विणकराच्या घरून आले आहे. फ्रेंच ‘तिस्यू’ म्हणजे विणलेले कापड. बिशा या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाची मदत न घेता शरीराची २१ ऊतके वर्णिली आणि १८०१ मध्ये आपल्या ग्रंथात ती मांडली. तेव्हापासून हा शब्द शास्त्रात रुळला. १८१९ मध्ये रूढ झालेल्या ‘हिस्टॉलॉजी’ या नावातील ‘हिस्टॉस’ म्हणजे माग किंवा मागावरचे वस्त्र. आपल्याकडे परिभाषा घडविणाऱ्यांनी ‘ऊतक’ किंवा ‘ऊती’ हा शब्द योजिला तो याच धोरणाने. ‘विणणे’ या अर्थाच्या संस्कृत धातूपासून ‘ऊत’ म्हणजे विणलेले हे रूप होते, आणि ‘ओतप्रोत’ या आपल्या नित्याच्या शब्दात आजही ते वावरते आहे. वीण पाहावयाची तर घडी घातलेल्या कापडाचा एकच पदर उजेडासमोर धरावा लागतो. मायक्रोटोमचे काम नेमके हेच आहे.

२

आरंभी हे काम हातानेच होत असे. रॉबर्ट हूक याने १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात बुचाचा जो प्रसिद्ध छेद वर्णिला आहे, तो त्याने वस्तऱ्यासारखी धार लावलेल्या चाकूने काढला होता. लेव्हेनहूक या डच निरीक्षकाने १६७४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला बूच, झाडाचा गाभा इत्यादींचे काप पत्रासोबत पाठविले. ते काप त्या संस्थेच्या दप्तरात पडून होते. १९८१ मध्ये ब्रायन फोर्ड यांना ते सापडले आणि तीनशे वर्षांनंतरही ते निरीक्षणास योग्य असल्याचे दिसून आले. वस्तरा व सराव एवढ्यांवर माणसाचा हात कोठवर पोहोचू शकतो, याचा हा पुरावा होय.

परंतु हस्तकौशल्याला एक मोठी मर्यादा असते. ते एकाकडून दुसऱ्याकडे सहजी जात नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कस्टन्स नावाचा एक इंग्रज कारागीर लाकडाचे अत्यंत सुबक छेद तयार करीत असे. जॉर्ज अ‍ॅडम्स या उपकरणकाराने १७८७ च्या आपल्या ग्रंथात या कामी त्याच्या बरोबरीचा कोणी नसल्याची ग्वाही दिली आहे. ही स्तुती खरी असली तरी शास्त्राच्या दृष्टीने ती चिंतेची बाब ठरते. जे दृश्य एकाच माणसाच्या बोटांवर अवलंबून असते, ते इतरांना पडताळून पाहता येत नाही. आणि पडताळता न येणारे निरीक्षण शास्त्राच्या पदरी पडले असे म्हणता येत नाही.

यंत्राची गरज येथे उत्पन्न होते. जॉन हिल याने १७७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लाकडाच्या रचनेवरील पुस्तकात कमिंग या घड्याळजीने बनविलेल्या छेदयंत्राचे वर्णन केले आहे. लाकडाचा तुकडा एका नळीत घट्ट बसवावयाचा, खालून मळसूत्राने तो किंचित वर ढकलावयाचा आणि वर आलेला भाग पात्याने कापावयाचा, ही त्यातील मूळ कल्पना. मायक्रोटोमचे पुढील सारे प्रकार या दोन क्रियांच्या मेळावर उभे आहेत. पदार्थ ठरावीक अंतराने पुढे सरकला पाहिजे आणि सुरी व पदार्थ प्रत्येक वेळी एकाच वाटेने परस्परांस भेटले पाहिजेत. शेव्हालिए याने १८३९ मध्ये ‘मायक्रोटोम’ हे नाव दिले. पुढे १८४३ मध्ये ब्रेस्लाऊ येथे पुर्किंये यांच्या प्रयोगशाळेतील ओशाट्झ याने आपले यंत्र सिद्ध केले.

लाकडाला जे साधले ते प्राण्यांच्या ऊतकाला लगेच साधले नाही. मऊ ऊतक सुरीखाली दबते, सरकते, चिरडते. म्हणून ते प्रथम रसायनांनी कठीण करणे व नंतर एखाद्या आधारद्रव्यात बसविणे आवश्यक होते. क्लेब्स याने १८६९ मध्ये पॅराफिन मेणाचा उपयोग सुचविला, आणि पुढील दशकात मेण ऊतकाच्या केवळ सभोवती न ठेवता ते त्याच्या आत मुरविण्याच्या रीती निघाल्या. मेण ऊतकात मुरले की मऊ आणि कठीण भागांतील तफावत मिटते व सुरीला सर्वत्र सारखाच विरोध होतो. मेणाची ही युक्ती नसती तर पुढील यंत्रे निष्फळ ठरली असती.

३

एखादा छेद चांगला निघणे ही एक गोष्ट झाली. एकामागून एक असे सारे छेद एकाच जाडीचे निघणे, त्यांपैकी एकही न गमावणे व त्यांचा क्रम न बिघडणे ही निराळी आणि अधिक अवघड गोष्ट. ही गरज भ्रूणविज्ञानाने निर्माण केली. बाझेल येथील विल्हेल्म हिस यांनी १८७० मध्ये आपल्या मायक्रोटोमचे वर्णन प्रसिद्ध केले. भ्रूणाचे क्रमवार छेद घ्यावयाचे, प्रत्येकाची आकृती काढावयाची आणि त्या आकृत्यांवरून मूळ त्रिमिती रूप पुन्हा उभे करावयाचे, ही त्यांची पद्धती होती. १० मिलिमीटर लांबीच्या भ्रूणाचे १० मायक्रोमीटर जाडीचे छेद घ्यावयाचे म्हटले तर त्यांची संख्या १,००० होते. सातशेविसावा छेद हरवला किंवा दुप्पट जाडीचा निघाला, तर त्या जागी भ्रूणाच्या रूपात खोटा खळगा किंवा खोटा उंचवटा येणार. येथे हाताचे कौशल्य पुरे पडत नाही. थकणारा हात हजार वेळा तीच क्रिया त्याच मापाने करू शकत नाही.

या कामासाठी १८८१ मध्ये हायडेलबर्ग येथे रिचर्ड थोमा यांच्या सूचनेवरून युंग या यंत्रकाराने सरकत्या सुरीचा उत्तम मायक्रोटोम तयार केला. त्याचे काम वाखाणण्यासारखे होते. तथापि सुरी जिच्यावरून सरकते ती वाट तिच्या सबंध लांबीभर सपाट व सरळ असावी लागे. अशी पृष्ठे घासून तयार करणे हे कुशल कारागिराचे, वेळखाऊ आणि म्हणून महागडे काम.

त्याच सुमारास केंब्रिज येथे फ्रान्सिस बॅल्फर यांनी भ्रूणविज्ञानाची मोठी शाळा उभी केली होती. १८८२ मध्ये आल्प्स पर्वतात वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांचा अपघाती अंत झाला. पण त्यांच्या शिष्यांनी काम थांबविले नाही. त्यांपैकी कॉल्डवेल याने थ्रेलफॉल याच्या साहाय्याने एक स्वयंचलित मायक्रोटोम रचला. मेणात बसविलेल्या पदार्थाचे छेद एकामागून एक कापले जात असता एका छेदाच्या कडेचे मेण पुढच्या छेदाच्या कडेला चिकटते आणि छेदांची अखंड फीत तयार होते, ह्या गोष्टीचा त्यांनी लाभ घेतला. ही फीत फिरत्या पट्टीवर उतरून घेतली जाई. क्रम चुकण्याचा प्रश्नच मिटला. छेदांची माळ आपोआप गुंफली जाऊ लागली. हाच कॉल्डवेल पुढे ऑस्ट्रेलियात गेला आणि तेथील मूळ रहिवाशांच्या मोठ्या मदतीने प्लॅटिपस व एकिड्ना यांची अंडी त्याने मिळविली. हे सस्तन प्राणी अंडी घालतात ही वार्ता त्याने १८८४ मध्ये तारेने कळविली. क्रमवार छेदांची विद्या कोणत्या प्रश्नांच्या पाठीस लागली होती, हे ध्यानी यावे म्हणून हा उल्लेख केला.

कॉल्डवेलचे यंत्र नामी होते खरे; पण ते मोठे, गुंतागुंतीचे व महाग होते. एखाद्या संपन्न प्रयोगशाळेत असे एक यंत्र असू शकेल आणि विद्यार्थी त्याच्याभोवती पाळी लावून उभे राहतील, अशी त्याची योग्यता. यातून वाट काढली ती चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव हॉरेस डार्विन यांनी. ते शिक्षणाने अभियंते होते. ड्यू-स्मिथ यांच्यासह त्यांनी १८८१ मध्ये केंब्रिज सायंटिफिक इन्स्ट्रुमेंट कंपनी स्थापन केली होती व कॉल्डवेलचे यंत्रही त्याच कंपनीने बनविले होते. १८८५ मध्ये त्यांनी जो मायक्रोटोम आखला तो ‘रॉकिंग मायक्रोटोम’, म्हणजे डोलता मायक्रोटोम, या नावाने प्रसिद्ध झाला.

४

या यंत्राची रचना थोडक्यात पाहू. बिडाच्या बैठकीवर एक सामान्य वस्तरा धार वर करून घट्ट बसविलेला असतो. तो हलत नाही. त्याच्यासमोर तराजूच्या दांडीसारखी एक आडवी दांडी आसावर डोलते, आणि तिच्या टोकास मेणाचा ठोकळा चिकटविलेला असतो. मूठ ओढली की दोरीने दांडीचे ते टोक वर उचलले जाते. मूठ सोडली की स्प्रिंगच्या ओढीने ते खाली येते व येता येता ठोकळा वस्तऱ्यावरून जाऊन एक छेद सुटतो. मुठीच्या त्याच हेलकाव्यात एक खिटी दातेरी चाकाला एक किंवा अधिक दाते पुढे ढकलते. चाक मळसूत्र फिरविते आणि मळसूत्र एका तरफेच्या द्वारा ठोकळ्याला वस्तऱ्याकडे किंचित सरकविते. किती दाते पुढे ढकलावयाचे ते ठरविले की छेदाची जाडी ठरली. पाहणाऱ्याला हे यंत्र जवळजवळ घरगुती वाटते. त्यात दोरी आहे, न्हाव्याचा वस्तरा आहे आणि बिडाचे रंगविलेले ओतकाम आहे.

एवढ्या साध्या सामग्रीतून मिलिमीटरचे हजारांश भाग मोजणारी अचूकता कशी आली? याचे उत्तर यंत्राच्या भूमितीत आहे. कोणत्याही घन पदार्थाला अवकाशात सहा स्वतंत्र प्रकारे हलता येते. तीन दिशांनी सरकणे व तीन आसांभोवती फिरणे. पदार्थ एका बिंदूवर टेकविला की त्यांपैकी एक मुभा नाहीशी होते. ज्या भागाने केवळ डोलावे अशी इच्छा असेल, त्याला नेमके पाच टेकू द्यावेत. एक अधिक दिला तर तो अडखळेल, एक कमी दिला तर तो डळमळेल. तीन पायांची तिवई उंचसखल जमिनीवरही स्थिर राहते, पण चार पायांच्या खुर्चीसाठी जमीन सपाट करून घ्यावी लागते, हा प्रत्येकाच्या अनुभवातला दाखला याच नियमाचा आहे. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७६ मध्ये लंडन येथील वैज्ञानिक उपकरणांच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने उपकरणरचनेचे हे तत्त्व स्पष्ट मांडले होते, आणि विल्यम थॉम्सन यांच्या उपकरणांतही ते दिसून येते. हॉरेस डार्विन यांनी कारखान्याच्या रोजच्या कामात ते मुरविले.

याचा किमतीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. दोन लांब पृष्ठे एकमेकांवर सरकवावयाची तर ती सगळीच्या सगळी अचूक हवीत. काही थोड्या बिंदूंवर टेकणारी दांडी डोलवावयाची तर ते थोडे बिंदू तेवढे अचूक असले की पुरे. बाकीचे ओतकाम खडबडीत राहिले तरी बिघडत नाही. शिवाय वजनाने किंवा स्प्रिंगच्या ओढीने दांडी आपल्या टेकूंवर नेहमी दाबून बसलेली असते, त्यामुळे वापराने टेकू झिजले तरी त्यांत ढिलेपणा येत नाही. दांडी थोडी खाली बसते एवढेच. घासलेल्या सरकवाटेची झीज हा दोष ठरतो, टेकूची झीज मात्र आपोआप भरून निघते. तरफेचेही तसेच. समजा मळसूत्र एका पावलात ६ मायक्रोमीटर पुढे जाते आणि तरफेमुळे ठोकळ्यापाशी त्याचा सहावाच हिस्सा पोहोचतो; तर ठोकळा १ मायक्रोमीटरच सरकेल, आणि मळसूत्राच्या आट्यांत जी चूक असेल तीही त्याच प्रमाणात लहान होऊन पोहोचेल. अचूकता तीच राहिली. मात्र ती यंत्राच्या सर्वांगात न पसरता जेथे खरोखर हवी तेथे गोळा झाली. स्वस्ताई ही या विचाराची फलश्रुती होय. अचूकतेशी केलेली तडजोड नव्हे.

या यंत्रात उणिवा नव्हत्या असे नाही. दांडी आसाभोवती डोलत असल्याने ठोकळा कंसाकार मार्गाने खाली येतो; साहजिकच कापलेला पृष्ठभाग संपूर्ण सपाट न होता नळकांड्याच्या पृष्ठासारखा किंचित वक्र होतो. लहान भ्रूणाच्या बाबतीत हे जाणवत नाही, मोठ्या तुकड्याच्या बाबतीत जाणवते. पुढे सपाट छेद देणारा प्रकार काढून हा दोष दूर करण्यात आला. कठीण व मोठे पदार्थ हे या हलक्या यंत्राचे काम नव्हते. असे असूनही विसाव्या शतकाचा मध्य उलटून गेल्यावरही हे यंत्र प्रयोगशाळांतून वापरात होते.

याच काळात अमेरिकेत चार्ल्स सेजविक मायनॉट यांनी १८८६ मध्ये चक्राच्या फेऱ्याने चालणारा ‘रोटरी’ मायक्रोटोम आखला. त्यात ठोकळा सरळ रेषेत खालीवर होतो, छेद सपाट निघतात, आणि जड चाकाच्या गतीमुळे दिवसभर एकसारखे काम करता येते. तो अधिक वजनदार व खर्चिक होता. पण रुग्णालयांत रोज येणाऱ्या तुकड्यांचा भार वाहण्यास तोच योग्य ठरला, आणि आजच्या रोगनिदान प्रयोगशाळांतील यंत्रे बहुतांशी त्याच्याच वंशातील आहेत. यावरून स्वस्त आणि महाग हे शब्द सापेक्ष असल्याचे दिसेल. दररोज शेकडो छेद घेणाऱ्यास जे स्वस्त पडते, ते वर्षातून काही आठवडे छेद घेणाऱ्या महाविद्यालयास पडेलच असे नाही.

५

डार्विन यांच्या यंत्रात आणखी एक युक्ती दडलेली आहे व पुढील इतिहासात ती पुनःपुन्हा भेटते. त्यांनी वस्तरा नव्याने घडविला नाही. शेफील्डसारख्या गावांच्या कारागिरांनी हनुवटीसाठी घडविलेला वस्तराच त्यांनी यंत्रात बसविला. दुसऱ्या एखाद्या धंद्याने जी अचूकता आधीच स्वस्तात सिद्ध केली आहे ती उसनी घ्यावयाची, असे या युक्तीचे वर्णन करता येईल.

एडिंबरो येथील शस्त्रवैद्य कॅथकार्ट यांनी १८८० च्या दशकात ऊतक गोठवून कापण्याचा एक छोटा मायक्रोटोम काढला. तो टेबलाच्या कडेस स्क्रूने आवळून बसविता येई. ऊतकाखालच्या पत्र्यावर खालून ईथरचा फवारा मारला की ईथर उडून जाताना उष्णता शोषून घेई व ऊतक गोठे. सुरी हातातच धरावयाची. मात्र ती काचेच्या दोन पट्ट्यांवरून सरकवावयाची. सपाट पृष्ठ घासून घेण्याचा खर्च वाचला, कारण सपाटपणा काचेच्या कारखान्याने आधीच पुरविला होता. मेण मुरविण्यास लागणारा वेळही वाचला. गोठविलेल्या छेदाचे महत्त्व पुढे सर्वांस पटले. १९०५ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे लुई विल्सन यांनी असे छेद मेथिलीन ब्ल्यूने रंगवून काही मिनिटांत परीक्षा करण्याची रीत प्रसिद्ध केली. रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर असतानाच गाठ कर्करोगाची आहे की नाही ते सांगणे त्यामुळे शक्य झाले. येथे साधनाच्या सुलभतेचा संबंध थेट रुग्णाच्या जिवाशी येऊन पोहोचतो.

जीवरसायनशास्त्रातही हेच घडले. १९२३ पासून ओटो वारबुर्ग यांच्या रीतीने जिवंत ऊतकाचे काप द्रवात ठेवून त्यांचे श्वसन मोजले जाऊ लागले. काप सुमारे अर्ध्या मिलिमीटरहून जाड असेल तर ऑक्सिजन त्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही आणि मोजमाप फसते. हे काप हाताने काढावे लागत, म्हणजे पुन्हा हस्तकौशल्याची मक्तेदारी आली. १९४४ मध्ये स्टेडी आणि रिग्ज यांनी एक अगदी साधे साधन सुचविले. प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांच्या मधल्या फटीतून एक लांब पातळ पाते हाताने मागेपुढे ओढावयाचे; कापाची जाडी ठरते ती फटीपासून ऊतकाच्या खाचेपर्यंत असलेल्या अंतरावरून. त्यात चाक नाही, मळसूत्र नाही. १९५३ मध्ये मॅकिल्वेन आणि बडल यांनी दाढीचे पाते वरखाली आपटणारा यांत्रिक कापक वर्णिला. सुईइतकी अचूकता ज्या कामाला लागत नाही, त्या कामाला ती पुरवीत बसू नये, हा या दोन्ही साधनांमागील शहाणपणा होय.

परंतु या सर्व काळात एक कौशल्य यंत्राच्या कक्षेबाहेरच राहिले होते. ते म्हणजे धार लावण्याचे. यंत्राने हाताची कसरत कमी केली, पण निसण्यावर आणि चामड्याच्या पट्ट्यावर सुरी तासन् तास फिरविण्याचे काम माणसाकडेच होते. आणि बोथट सुरीपुढे उत्कृष्ट यंत्राचाही इलाज नव्हता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर ही अडचण टोकास गेली. त्याच्यासाठी छेद ५० ते १०० नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकाच्या छेदाच्या सुमारे पन्नासाव्या हिश्श्याइतका, पातळ लागतो. १९४८ मध्ये पीझ आणि बेकर यांनी नेहमीच्याच रोटरी मायक्रोटोमची पुढे सरकण्याची गती कमी करून त्या दिशेने पाऊल टाकले. १९४९ मध्ये मेणाऐवजी प्लॅस्टिकमध्ये ऊतक बसविण्याची रीत निघाली. तरीही पोलादाची धार पुरी पडेना. १९५० मध्ये लाटा आणि हार्टमन यांनी दाखवून दिले की जाड सपाट काच योग्य रीतीने तोडली तर तुटलेल्या कडेला जी धार येते ती या कामासाठी पोलादापेक्षा सरस असते. ती धार लावावी लागत नाही. काच तुटते तेव्हाच ती तयार होते. बोथट झाली की सुरी फेकून द्यावी आणि दुसरी काच तोडावी. याच पिढीत फर्नांडेझ-मोरान यांनी हिऱ्याची सुरीही सिद्ध केली, व ती टिकण्यात काचेपेक्षा कितीतरी सरस आहे. परंतु ज्या प्रयोगशाळांच्या आवाक्यात हिरा नव्हता त्यांना या शास्त्रात प्रवेश मिळाला तो काचेमुळे.

१९५३ मध्ये रॉकफेलर संस्थेतील कीथ पोर्टर यांनी तेथील यंत्रकार जोसेफ ब्लम यांच्यासह जो अतिसूक्ष्म मायक्रोटोम वर्णिला, त्याच्या नावात शास्त्रज्ञ आणि कारागीर ही दोन्ही नावे जोडीने आली, ही उचित गोष्ट झाली. इंग्लंडमध्ये अँड्र्यू हक्सली यांनी आखलेला अतिसूक्ष्म मायक्रोटोम बाजारात आणला तो हॉरेस डार्विन यांच्या कंपनीनेच. डोलत्या मायक्रोटोमनंतर सुमारे सात दशकांनी, त्याच कारखान्यात, तोच प्रश्न कितीतरी अधिक सूक्ष्म पातळीवर पुन्हा हाताळला गेला.

६

आपल्या देशाचा या इतिहासाशी संबंध बव्हंशी वापरणाऱ्याच्या नात्याने आला. दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी (१९०४–१९६६) यांनी वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानाची जी जगन्मान्य परंपरा निर्माण केली, तिचा पाया फुलांच्या व बीजांडांच्या क्रमवार छेदांवर उभा होता. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी कर्करोगाचा व कुष्ठरोगाचा जो ऊतकविकृतिशास्त्रीय अभ्यास केला, तोही छेदांवाचून होण्यासारखा नव्हता. पुढे अंबाला येथील उपकरणे बनविणाऱ्या कारखान्यांनी भारतीय महाविद्यालयांसाठी मायक्रोटोम तयार केले, आणि परदेशी यंत्राची किंमत न पेलणाऱ्या अनेक प्रयोगशाळांना आपले असे यंत्र लाभले.

तरीही वनस्पतिशास्त्राच्या वर्गात महाराष्ट्रातील विद्यार्थी आपला पहिला छेद हातानेच घेतो. भेंडाच्या, गाजराच्या किंवा बटाट्याच्या तुकड्यात चीर पाडून तीत पान अथवा कोवळे खोड धरावयाचे, पाते पाण्याने ओले करावयाचे आणि आपल्याकडे ओढून काप घ्यावयाचे, ही रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. तिला मागासलेली म्हणणे योग्य होणार नाही. मऊ पदार्थास भोवतालचा आधार देणे हे तत्त्व भेंडात आणि पॅराफिन मेणात एकच आहे; विद्यार्थी ते बोटांनी शिकतो. मात्र तो जेथे थांबतो तेथून पुढे यंत्राची गरज लागते, आणि ते यंत्र महाविद्यालयात आहे की कपाटात कुलुपबंद आहे, यावर त्याने पुढे काय पाहावे हे ठरते. मोलाचे यंत्र बिघडेल या धास्तीने ते विद्यार्थ्याच्या हाती दिले जात नाही, ही गोष्ट शिक्षणक्षेत्रात वावरणाऱ्यांस अपरिचित नाही. स्वल्पमोली साधनाचा खरा लाभ येथे आहे. ते केवळ विकत घेता येते असे नव्हे. ते निःशंकपणे दुसऱ्याच्या हाती सोपविता येते.

वरील विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे, पण तो मांडणे उपयुक्त वाटते. मायक्रोटोमच्या इतिहासात साधन सुलभ झाले ते तीन रीतींनी. अचूकता नेमकी कोणत्या बिंदूंत हवी हे ओळखून ती तेथेच एकवटण्यात आली. दुसऱ्या धंद्याने सिद्ध केलेली अचूकता, मग ती न्हाव्याच्या वस्तऱ्याची असो वा खिडकीच्या काचेची, उसनी घेण्यात आली. आणि कामाला लागेल तेवढीच सूक्ष्मता पुरविण्यात आली. या तिन्ही रीतींना पैशापेक्षा विचार अधिक लागतो. अलीकडे प्रयोगशाळांची साधने स्थानिक पातळीवर, साध्या सामग्रीतून व खुल्या आराखड्यांवरून तयार करण्याचे प्रयत्न अनेक देशांत चालू आहेत. त्या प्रयत्नांत गुंतलेल्यांनी १८८५ मधील त्या दोरीच्या आणि बिडाच्या यंत्राकडे पुन्हा एकवार पाहावे. त्यातील वस्तरा आज कोणी वापरणार नाही. त्यातील टेकूंचा हिशेब मात्र अजून जुना झालेला नाही.